कोंबडीचा आजार आणि विषाणूचा शजरा

थंडी सरत आली होती. सकाळच्या चहाच्या वेळी खालाजानचा फोन आला. त्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात राहतात. अंगणात पंधरा-वीस गावरान कोंबड्या, दोन-तीन बदकं आणि त्या सगळ्यांमागे दिवसभर धावणारा सात वर्षांचा नातू. आवाजात घाई होती.

"रात्रीतून चार कोंबड्या गेल्या बेटा. पाचवीने मान टाकलीय. मुलाणी चाचांना निरोप धाडलाय. जीव आहे तोवर हलाल करून घेते, नाहीतर मुर्दार होईल आणि उकिरड्यावर टाकावी लागेल. अल्लाहने दिलेलं असं वाया घालवायचं का?"

आम्ही म्हणालो, "खालाजान, तिला हात लावू नका. आणि नातवाला आधी घरात घ्या."

"का? माझ्या सासूने आयुष्यभर हेच केलं. आणि चांगलं शिजवलं की सगळे जंतू मरतात, हे तुम्हीच तर लिहिता!"

त्यांना त्या दिवशी कसंबसं थांबवलं. मुलाणी चाचांना परत पाठवलं, जनावरांच्या डॉक्टरांना फोन झाला. पण खालाजानच्या प्रश्नाचं धड उत्तर काही आम्हाला त्या घाईत देता आलं नाही. ते उत्तर या महिन्यात देतो आहोत. त्यांच्यासारखीच सवय आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे, म्हणून सगळ्यांसाठीच.

धोका हंडीत नाही, हंडीच्या आधी आहे

पहिली गोष्ट मान्य करू. खालाजानचं म्हणणं चूक नाही. बर्ड फ्लूचा विषाणू उष्णतेला टिकत नाही. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोचलं की तो संपतो. आपल्याकडे सालन असो की बिर्याणी, कोंबडी त्याहून कितीतरी जास्त शिजते. अंडं पूर्ण उकडलं, पिवळा बलक घट्ट झाला की तेही निर्धोक. म्हणून "चिकन खाल्लं की बर्ड फ्लू होतो" ही जी आवई दर वेळी उठते, ती नीट शिजवलेल्या अन्नाबाबत खरी नाही.

मग हात लावू नका असं का म्हटलं? कारण अंगणातून हंडीपर्यंतच्या वाटेवर काय काय होतं ते पाहा. कुणीतरी कोंबडीचे पाय धरतं, बहुतेक घरात हे काम मुलांचं. रक्त उडतं. मग गरम पाण्यात बुडवून पिसं उपटली जातात, त्याची वाफ आणि बारीक कण नाकातोंडात जातात. आतडी काढली जातात, पाणी मोरीत सांडतं. आजारी कोंबडीच्या लाळेत, विष्ठेत, रक्तात आणि पिसांवर विषाणू खच्चून भरलेला असतो. जबह केल्याने मांस हलाल होतं. विषाणू मरत नाही. तो मरतो चुलीवर, आणि चूल येते सगळ्यात शेवटी.

याची किंमत लोकांनी मोजली आहे. २००६ च्या जानेवारीत तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, डोगुबायझित या गावात एकाच घरातली तीन भावंडं या रोगाने गेली. घरात कोंबड्या आजारी पडल्या होत्या आणि त्या कापताना, साफ करताना मुलं जवळ होती. त्या साथीत तुर्कस्तानात १२ जणांना लागण झाल्याचं सिद्ध झालं, त्यांतले ४ दगावले. दोनच महिन्यांनी शेजारच्या अझरबैजानमध्ये काही मुली आणि तरुण आजारी पडले.  मरून पडलेल्या रानहंसांची पिसं त्यांनी उपटली होती. तिथे ८ जणांना लागण झाली आणि ५ जण गेले.

इजिप्तची गोष्ट आणखी जवळची वाटेल. तिथे शहरांतही घराच्या गच्चीवर कोंबड्या-बदकं पाळायची रीत आहे आणि ते काम बायका-मुलांचं. २००६ पासून तिथे साडेतीनशेहून अधिक माणसांना लागण झाली, सुमारे १२० दगावली. त्यात अशा घरगुती कोंबड्या सांभाळणाऱ्या बायका आणि लहान मुलं खूप होती. तिथल्या बायका खालाजानपेक्षा वेगळं काही करत नव्हत्या.

आठ तुकड्यांचा ऐवज

आता हा विषाणू आहे तरी काय? इन्फ्लुएन्झा ए या कुळातला हा विषाणू. त्याची सगळी जनुकं आठ सुट्या तुकड्यांवर लिहिलेली असतात. आठ सुटी पानं एका पाकिटात घातली आहेत असं समजा. पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला दोन तऱ्हेचे काटे असतात, एकाचं नाव एच, दुसऱ्याचं एन. पक्ष्यांमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार सापडले आहेत. एचचा पाचवा प्रकार आणि एनचा पहिला, म्हणजे एच५एन१.

या विषाणूचं मूळ घर म्हणजे रानातली पाणपाखरं, बदकं आणि हंस. त्यांच्या आतड्यात तो फारसा त्रास न देता राहतो आणि विष्ठेवाटे तळ्याच्या पाण्यात उतरतो. तिथून तो कोंबड्यांच्या दाट वस्तीत शिरला की मात्र कधी कधी त्याचं रूप पालटतं. एच५ आणि एच७ या दोन प्रकारांत हे विशेष घडतं. एचच्या काट्यावर एक जागा असते, ती कापली गेल्याशिवाय विषाणू पेशीत शिरू शकत नाही. सौम्य विषाणूची ती जागा फक्त आतडं आणि श्वासनलिकेतल्या रसांनीच कापली जाते. त्या जागी काही अक्षरं वाढली की शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही पेशीत ती कापली जाते. मग रोग आतड्यापुरता राहत नाही. मेंदू, हृदय, यकृत, सगळीकडे पसरतो. एका रात्रीत खुराडं रिकामं होतं ते यामुळे.

दोन गोष्टी या विषाणूला सतत बदलत ठेवतात. पहिली, नक्कल करताना होणाऱ्या चुका. आपल्या पेशी जनुकांची नक्कल काढतात तेव्हा चुका तपासणारी व्यवस्था असते. या विषाणूकडे तशी व्यवस्था नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीत एखादं-दुसरं अक्षर इकडचं तिकडे होतं. बहुतेक चुका विषाणूलाच नडतात. एखादी त्याच्या पथ्यावर पडते आणि ती टिकते.

दुसरी गोष्ट म्हणजे पानांची अदलाबदल. एकाच बदकाला किंवा कोंबडीला एकाच वेळी दोन वेगळ्या फ्लूंची लागण झाली, तर दोघांची आठ-आठ पानं एकाच पेशीत मिसळतात. बाहेर पडणाऱ्या नव्या पाकिटात काही पानं याची, काही त्याची. हिशेब केला तर दोन विषाणूंपासून २५६ तऱ्हेची पाकिटं बनू शकतात. अक्षर बदलायला वर्षं लागतात. पानं बदलायला एक रात्र पुरते.

शजरा कसा वाचतात

आपल्या अनेक घराण्यांत शजरा जपून ठेवलेला असतो. पणजोबा कुठून आले, त्यांची कोणती शाखा कुठल्या गावी गेली, सगळं त्यात असतं. विषाणूला शजरा लिहिता येत नाही. पण त्या नकलेतल्या चुकाच त्याचा शजरा असतात. दोन ठिकाणच्या विषाणूंत सारख्याच चुका दिसल्या तर त्यांचा बाप एक. चुका जितक्या वेगळ्या, तितकी फारकत जुनी.

या शजऱ्याचा मूळपुरुष सापडला तो १९९६ साली, चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात, पाळीव राजहंसांमध्ये. पुढच्याच वर्षी हाँगकाँगच्या जिवंत कोंबड्यांच्या बाजारात एच५एन१ शिरला. १८ माणसं आजारी पडली, ६ गेली. कोंबडीच्या फ्लूने थेट माणूस मरतो हे जगाने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. वर्षअखेरीस हाँगकाँगने शहरातल्या सगळ्या, दहा लाखांहून अधिक कोंबड्या मारल्या. तो विषाणू तिथे थांबला. त्याचे भाऊबंद मात्र चीनच्या दक्षिणेत पानं बदलत राहिले आणि २००३-०४ मध्ये व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशियात पसरले.

मग आला २००५ चा मे महिना. चीनच्या चिंगहाई सरोवरावर सहा हजारांहून अधिक रानपक्षी मेले, त्यांत पट्टकादंब हंस सर्वात जास्त. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस आपल्याला परका नाही. हिमालय ओलांडून तो दर हिवाळ्यात आपल्याकडे येतो, जायकवाडीच्या पाण्यावरही उतरतो. चिंगहाईच्या विषाणूत एक खास बदल होता. एका पानावरचं एक अक्षर असं पालटलं होतं की सस्तन प्राण्यांच्या पेशीत वाढणं त्याला सोपं जावं. ही शाखा वर्षभरात रशिया, तुर्कस्तान, युरोप आणि आफ्रिकेपर्यंत पोचली. २००६ च्या एकट्या फेब्रुवारीत तिने नायजेरिया, इजिप्त आणि भारत गाठला.

शास्त्रज्ञांनी पुढे या शाखांना आकडे दिले. चिंगहाईच्या शाखेचं नाव २.२. शजऱ्यात जसं आजोबा, बाप, मुलगा, तसंच हे. दुसऱ्या घराची दुसरी शाखा. पुढे २.३.२.१ किंवा २.३.४.४ असे लांबलचक आकडे ऐकलेत तर घाबरू नका, ती त्याच घराण्यातली पुढच्या पिढ्यांची नातवंडं-पतवंडं आहेत.

नवापूरचं नाव

भारतातलं या रोगाचं पहिलं ठिकाण आपल्याच राज्यातलं. नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं हे गाव कुक्कुटपालनासाठी आधीपासून ओळखलं जातं. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारी २००६ ला एच५एन१ असल्याचं जाहीर केलं. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. सीमेपलीकडे उच्छलमध्येही तेच झालं. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात पुन्हा. माणसांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासले गेले. एकालाही लागण झालेली नव्हती, अल्लाहचा शुक्र.

फ्लूच्या विषाणूला नाव देताना पक्षी, गाव, क्रमांक आणि साल लिहायची पद्धत आहे. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांत आजही एका विषाणूच्या नावात नवापूर हा शब्द आहे. गावकऱ्यांना हे मानाचं वाटण्याचं कारण नाही. त्या दिवसांत नवापूरची कोंबडी म्हटलं की लोक हात झटकत. राज्यभर चिकनचे भाव कोसळले, दुकानांना कुलपं लागली. ज्या घरांचा रोजचा खर्च त्या दुकानावर चालायचा, अशी कितीतरी घरं आपल्याच मोहल्ल्यांत होती. कोंबडी रोगी नव्हती, तरी दुकान बसलं.

पण शजरा वाचला की दोष कुणाचा हे वेगळंच दिसतं. २००७ मध्ये मणिपूरला रोग आला. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये बीरभूमपासून सुरू होऊन तो जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला आणि चाळीस लाखांच्या घरात पक्षी मारावे लागले. लोकांना वाटलं, नवापूरचाच रोग देशभर हिंडतो आहे. जनुकं मात्र वेगळं सांगत होती. तिन्ही ठिकाणचे विषाणू २.२ घराण्यातलेच, पण शाखा वेगवेगळ्या. बंगालचा विषाणू आदल्या वर्षी बांगलादेशात सापडलेल्या विषाणूंच्या जवळचा होता. म्हणजे रोग नवापुरातून पुढे गेला नव्हता. तो दर वेळी नव्याने बाहेरून येत होता. माणसाच्या जिभेने नवापूरवर जो ठपका ठेवला, तो विषाणूच्या जनुकांनी पुसून टाकला.

बाहेरून येण्याच्या वाटाही दोन. एक आकाशातली, पाणपाखरांची. दुसरी रस्त्यावरची, पिल्लांच्या पेट्या, अंड्यांचे ट्रे, विष्ठेने माखलेली चाकं आणि पायताणं. आकाशातली वाट आपण बंद करू शकत नाही. रस्त्यावरची करू शकतो.

शांत शेजारी

एच५एन१ एवढा गाजला की त्याच्या एका शांत शेजाऱ्याकडे लक्षच जात नाही. त्याचं नाव एच९एन२. हा कोंबड्यांना फारसा मारत नाही. थोडी सर्दी होते, अंडी कमी होतात, शेतकरी हवामानाला दोष देतो. पण आशियाभरच्या कोंबड्यांत तो ठाण मांडून बसला आहे आणि आपली पानं उदार हाताने दुसऱ्यांना वाटतो. चीनमध्ये २०१३ साली माणसांना मारणारा एच७एन९ उपटला, त्याची आतली सहा पानं एच९एन२ कडूनच आलेली होती.

भारतात एच९एन२ ची लागण झालेलं पहिलं माणूस २०१९ साली सापडलं ते आपल्या मेळघाटात, दीड वर्षाचं एक बाळ. ते बरं झालं. सर्दी-ताप-खोकला एवढाच आजार. पुण्याच्या संस्थेने नमुना तपासला नसता तर कुणाला कळलंही नसतं.

२.३.४.४ ही शाखा या अदलाबदलीत सगळ्यात पटाईत निघाली. तिने एन१ चं पान टाकून एन८ चं घेतलं आणि २०१४ मध्ये एच५एन८ म्हणून कोरियात आली. तिचे वंशज त्याच वर्षाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत पोचले आणि तिथे सुमारे पाच कोटी कोंबड्या-टर्की गमवाव्या लागल्या. २०१६ अखेर एच५एन८ भारतात आला. २०२१ च्या जानेवारीत आपल्याकडे दोन्ही एकाच हिवाळ्यात दिसले. केरळच्या बदकांत एच५एन८, हिमाचलच्या पोंग धरणावर पट्टकादंबांत एच५एन१. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या. आणि फेब्रुवारीत, पंधरा वर्षांनी, पुन्हा नवापूर. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा एक मुलगा दिल्लीत एच५एन१ ने गेला. या विषाणूने भारतात झालेला तो पहिला मानवी मृत्यू.

त्या शाखेने नंतर परत एन१ चं पान उचललं आणि पुन्हा एच५एन१ झाली. २०२१ च्या अखेरीस ती अटलांटिक ओलांडून गेली, २०२२ मध्ये दक्षिण अमेरिकेत उतरली, २०२३ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवर. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या गोठ्यांत गायींना लागण झाल्याचं कळलं आणि विषाणू कच्च्या दुधात सापडला. आपल्या घरातलं दूध उकळण्याची जुनी सवय मोडू नका, एवढंच त्यावरून सांगायचं.

आणि आपल्याकडे? २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. तपासणीत एच५एन१ निघाला. काही दिवसांनी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले, तिथेही बर्ड फ्लू निघाला. वाघ कोंबडी शिजवून खात नाही. कावळाही नाही. आपण आणि ते यांत फरक एवढाच, आपल्याकडे चूल आहे.

मग घाबरायचं किती?

२००३ पासून जगभरात नऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ झाल्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे आणि त्यांतली जवळपास निम्मी दगावली. आकडा भीतीदायक आहे. पण वीस वर्षांत, अब्जावधी कोंबड्यांच्या जगात, नऊशे. विषाणू पक्ष्यांत इतका पसरला, तरी माणसांत तो सहज का शिरत नाही?

त्याचं उत्तर त्या एचच्या काट्यात आहे. काटा पेशीवरच्या एका साखरेला चिकटतो. पक्ष्यांच्या आतड्यातली ती साखर एका तऱ्हेने जोडलेली असते, आपल्या नाकाघशातली दुसऱ्या तऱ्हेने. पक्ष्यांच्या विषाणूची किल्ली आपल्या पुढच्या दाराला बसत नाही. ती बसते आपल्या फुप्फुसात खूप आत. म्हणूनच भरपूर विषाणू नाकातोंडातून आत गेला तरच लागण होते, पण झाली तर थेट न्यूमोनिया. आणि आजारी माणसाच्या खोकल्यातून तो दुसऱ्याकडे सहज जात नाही.

काळजी आहे ती उद्याची. प्रत्येक लागण म्हणजे विषाणूला किल्ली घासून पाहायची एक संधी. आजारी कोंबडीचे पाय धरणारं लहान मूल ही तशीच एक संधी. त्या मुलाला तेव्हाच आपला साधा फ्लू झालेला असला, तर पानांची अदलाबदल त्याच्याच छातीत होऊ शकते. म्हणून एका खेड्यातल्या एका अंगणाची गोष्ट ही त्या अंगणापुरती राहत नाही.

घरात आणि दुकानात

खालाजानसारख्या घरांसाठी. एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, तुरा निळा पडला, मान वाकडी झाली, तर ती कोंबडी कापू नका, विकू नका, शेजारी देऊ नका, कुत्र्यापुढे टाकू नका. मुलांना लांब ठेवा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, १९६२ या क्रमांकावरही कळवता येतं. हात लावावाच लागला तर नाकातोंडाला कापड, हातात पिशवी आणि नंतर साबणाने भरपूर धुणं. मेलेली कोंबडी चुना टाकून खोल पुरा, नाल्यात टाकू नका. बदकं आणि कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नका. आठवडाभरात घरात कुणाला ताप-खोकला आला तर डॉक्टरांना कोंबड्यांची गोष्ट आवर्जून सांगा. डॉक्टर ती विचारतीलच असं नाही.

दुकानदार भावांसाठी. हाँगकाँगने १९९७ नंतर काय केलं ते पाहा. बदकं-हंस कोंबड्यांपासून वेगळे केले. मग महिन्यातला एक दिवस बाजार पूर्ण रिकामा ठेवून धुवायचा नियम आणला. पुढे जिवंत कोंबड्या दुकानात रात्रभर ठेवायलाच बंदी घातली. विषाणूला एका रात्रीतून दुसऱ्या दिवशीच्या कोंबडीत जायला मधला पूल लागतो, तो त्यांनी तोडला. आपल्या छोट्या दुकानातही पिंजरा रोज रिकामा करून ब्लिचिंगच्या पाण्याने धुता येतो. शिळ्या कोंबड्यांत ताज्या मिसळायच्या नाहीत. लावे आणि बदकं त्याच पिंजऱ्यात कोंबायची नाहीत. कापणाऱ्याला हातमोजे आणि मास्क द्यायचे. मुलाला शाळेतून थेट दुकानात बसवायचं नाही.

आणि लपवाछपवीबद्दल एक शब्द. गरीब माणूस रोग लपवतो, कारण त्याला वाटतं सरकार येईल आणि उरलेल्याही मारून टाकेल. पण हिशेब उलटा आहे. रोगाने आपोआप मेलेल्या कोंबडीची भरपाई मिळत नाही. सरकारने रोग रोखण्यासाठी मारलेल्या कोंबडीची ठरलेल्या दराने मिळते. म्हणजे जो लवकर कळवतो त्याच्या हाती काही पडतं, जो वाट पाहतो त्याच्या हाती पिसं उरतात.

साथ असेल त्या गावात जाऊ नका आणि तिथे असाल तर तिथून बाहेर पळू नका, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून ऐकवली गेली आहे. तिच्यामागचा विचार कोंबड्यांच्या गाडीलाही लागू आहे.

मानमोडी

खालाजानच्या कोंबड्यांचे नमुने पुण्याला गेले. काही दिवसांनी उत्तर आलं. बर्ड फ्लू नव्हता. राणीखेत होता, ज्याला खेड्यात मानमोडी म्हणतात. गंमत अशी की १९१८ च्या ज्या फ्लूने आपल्या मुलखात घरंच्या घरं रिकामी केली, त्यालाही जुनी माणसं मानमोडीच म्हणत. कोंबडीचा आजार आणि माणसाचा फ्लू, मराठीने दोघांना एकच नाव देऊन ठेवलं आहे.

खालाजानचा फोन पुन्हा आला. आवाजात थोडा राग होता. "पाहिलंत? काही नव्हतं. पाचवीही गेली, सहावीही गेली. सगळ्या मातीत. तेव्हा कापली असती तर दोन दिवसांचं सालन झालं असतं."

आम्ही विचारलं, "खालाजान, त्या दिवशी पाचवीकडे बघून तुम्हाला सांगता आलं असतं, की ही मानमोडी आहे आणि तो बर्ड फ्लू नाही?"

त्या गप्प राहिल्या. डॉक्टरांनाही नुसतं बघून सांगता येत नाही. मान तशीच टाकते, तुरा तसाच निळा पडतो. फरक पुण्या-भोपाळच्या यंत्रालाच दिसतो, आणि यंत्राचं उत्तर येईपर्यंत हंडी थांबत नाही.

पलीकडून नातवाचा आवाज आला. तो काहीतरी मागत होता. खालाजान म्हणाल्या, "त्या दिवशी पाय धरायला हाच उभा होता." मग जरा वेळाने, "डॉक्टर म्हणाले, नवी पिल्लं आणली की पहिल्याच आठवड्यात लासोट्याचे थेंब द्यायचे. दहा पिल्लं सांगितली आहेत. बदकं या वेळी वेगळी ठेवते."

नुकसान झालं ते झालंच. सहा कोंबड्या म्हणजे त्या घरातली अंडी, पाहुणा आला तर होणारं सालन आणि अडीनडीला विकता येणारी चार पैशांची सोय. ते आम्ही भरून देऊ शकलो नाही. पण तो नातू पोटभर जेवून बाहेर खेळायला गेला, हा हिशेब आम्ही खालाजानला सांगितला नाही. तो त्यांनी फोन ठेवता ठेवता स्वतःच केला होता.